आधी करार की आधी क्लास?

पुण्यात २००३ ते २००८ या काळात जावावर काम केलेल्या कुणालाही ‘तेव्हा एक्सएमएल बाइंडिंगला काय वापरायचात?’ असं विचारून बघा. उत्तरात एक नाव येईल आणि नावामागोमाग एक तक्रार. कॅस्टर म्हणणारा मॅपिंग फाइलींबद्दल बोलेल, अ‍ॅक्सिसवाला मल्टिरेफबद्दल, एक्सएमएलबीन्सवाला जारच्या आकाराबद्दल. आमच्या पिढीची ही ओळख पटण्याची खूणच आहे. एक्सएमएलऐवजी जेसनच्या राज्यात वाढलेल्या आजच्या मुलांना हा वाद कशाबद्दल होता तेच कळत नाही. सांगायला गेलं तर म्हणतात, ‘‘मॅडम, पण एवढं काय होतं त्यात?’’ त्यात काय होतं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. दोन कंपन्यांच्या संगणकांमधल्या व्यवहारात अंतिम शब्द कुणाचा, लिखित कराराचा की प्रोग्रॅममधल्या क्लासचा, हा त्या वादाच्या तळाशी असलेला प्रश्न. प्रत्येक साधन हे त्या प्रश्नाचं आपापलं उत्तर होतं.

एक्सएमएलची शिफारस डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन बोसाक यांच्या नेतृत्वाखालच्या गटाचं ते काम. टिम ब्रे, जाँ पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन हे संपादक. १९८६ साली आयएसओ मानक झालेल्या एसजीएमएल या अवजड भाषेची ही छाटून सुटसुटीत केलेली आवृत्ती. एसजीएमएल चाले ती जाडजूड तांत्रिक पुस्तकं आणि दस्तऐवज सांभाळणाऱ्यांकडे. म्हणजे एक्सएमएलचं घराणं मजकुराचं: प्रकरण, परिच्छेद, टीप आणि त्यांचा ठरलेला क्रम. युनिकोड पहिल्या दिवसापासून असल्यामुळे टॅग देवनागरीतही चालतात. <विमा><धारक>सुमती</धारक></विमा> हे नियमांत चोख बसणारं एक्सएमएल आहे. जावातही क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं. प्रत्यक्षात कुणी ठेवत नाही, ते सोडा.

या मजकुराच्या भाषेवर वर्ष-दोन वर्षांत वेगळंच काम येऊन पडलं. विम्याचा दावा, विमानाचं तिकीट, बँकेतली रक्कम या गोष्टी एका कंपनीच्या संगणकाकडून दुसरीच्या संगणकाकडे एक्सएमएलमधून जाऊ लागल्या. जावाच्या बाजूला मात्र मजकूर नसतो; तिथे मेमरीत ऑब्जेक्ट असतो, त्याला ठरलेली फील्ड असतात आणि प्रत्येक फील्डला प्रकार. आलेला मजकूर वाचून ऑब्जेक्ट भरायचा आणि जाताना ऑब्जेक्टचा पुन्हा मजकूर करायचा, हे काम कुणीतरी करायला हवं.

सुरुवातीला ते हातानं होई. डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकारानं १९९८ च्या मे महिन्यात सॅक्स आलं. या पद्धतीचा पार्सर मजकूर वाचत जातो आणि ‘टॅग उघडला’, ‘टॅग मिटला’ असं ओरडून सांगत जातो. कुठे आहोत ते आपण लक्षात ठेवायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉम आलं. ते संपूर्ण मजकुराचं झाड मेमरीत उभं करतं, मग आपण फांद्यांवरून हिंडायचं. मी नोकरीला लागले तेव्हा सेनापती बापट रस्त्यावरच्या आमच्या ऑफिसात युरोपातल्या एका विमा कंपनीच्या दाव्यांचं काम चाले आणि जुना कोड सगळा डॉमवर होता. एका टॅगचं पहिलं अपत्य घ्यावं तर तो पुढचा टॅग नसे, मध्ये कुणी टाकलेली नुसती नवी ओळ असे. समोरच्या पक्षानं फाइल नीट समास सोडून, वाचायला सोपी करून पाठवली की आमचा प्रोग्रॅम कोसळे. एका ओळीत कोंबून पाठवली की चाले. एका दाव्यात दीडदोनशे माहितीचे तुकडे, आणि प्रत्येकासाठी शोध, रिकामा आहे का बघ, अक्षरांचा आकडा कर, फील्डमध्ये ठेव अशा चार-पाच ओळी. नव्या माणसाला हे काम देण्याची पद्धत होती, कारण त्यात चुकायला भरपूर वाव होता पण शिकायला फार काही नव्हतं.

हे सगळं यंत्रानंच लिहावं, ही बाइंडिंगची कल्पना. एकीकडे एक्सएमएलच्या रचनेचं वर्णन द्यायचं, दुसरीकडे जावाचे क्लास. मधली ने-आण साधनानं करायची. सननं १९९९ मध्ये जेएसआर-३१ या क्रमांकानं त्याचं मानक करायला घेतलं. टोपणनाव ‘अ‍ॅडेलार्ड’, प्रमुख मार्क रेनहोल्ड. पण तेव्हा रचनेचं वर्णन करण्याची भाषाच पक्की नव्हती. जुनी डीटीडी होती. तिला आकडा आणि तारीख यांतला फरक कळत नसे. नवी एक्सएमएल स्कीमा घडत होती, ती २ मे २००१ रोजी शिफारस झाली. सनची पहिली चाचणी आवृत्ती डीटीडीवर बेतलेली निघाली आणि स्कीमा आल्यावर बरंचसं काम नव्यानं करावं लागलं. जॅक्सबी या नावानं हे मानक, म्हणजे त्याची १.० आवृत्ती, अंतिम व्हायला मार्च २००३ उजाडला.

मानक येईपर्यंत लोक थांबत नाहीत. एक्झोलॅबचं कॅस्टर तोवर अनेक ऑफिसांत मुरलं होतं. त्याची दोन अंगं होती: स्कीमा देऊन क्लास काढून घ्या, किंवा तुमचे क्लास तसेच ठेवून मॅपिंग फाइलीत कोणतं फील्ड कोणत्या टॅगला ते लिहा. आमच्याकडे दुसरा प्रकार चाले. क्लास आधीच होते, त्यांच्याखाली डेटाबेस होता, आणि कॅस्टरचंच दुसरं अंग डेटाबेसचीही ने-आण करी. सोय मोठी होती. गोम अशी की मॅपिंग फाइल आणि क्लास यांचा मेळ कंपाइलर तपासत नसे. कुणी फील्डचं नाव बदललं तर बिल्ड निर्धोक होई आणि चूक दिसे ती रात्री, लंडनहून फोन आल्यावर.

इथे थोडं थांबून एक्सएमएल आणि जावा यांचं जमत का नाही ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी साधनं त्याच अडचणीभोवती फिरली. एक्सएमएलमध्ये एखादी गोष्ट तीन तऱ्हांनी ‘नसते’: टॅगच नसतो, टॅग असतो पण आत काही नसतं, किंवा टॅगवर ‘हे मुद्दाम रिकामं आहे’ अशी निल खूण असते. विमा कंपनीच्या लेखी हे तीन वेगळे निरोप असू शकतात: ‘पत्त्याबद्दल काही म्हणणं नाही’, ‘पत्ता कोरा करा’ आणि ‘पत्ता माहीत नाही’. जावाच्या साध्या फील्डकडे टॅग नसण्यासाठी आणि निल खुणेसाठी एकच नल. स्कीमामध्ये ‘हे किंवा ते, दोन्ही नाही’ असं लिहिता येतं. जावाच्या साध्या क्लासमध्ये दोन्ही फील्ड शेजारी शेजारी बसतात आणि दोन्ही भरली तरी क्लास हूं की चूं करत नाही. स्कीमातल्या पूर्णांकाला मर्यादा नाही, जावाच्या इंटला आहे.

आणि तारीख! स्कीमातली नुसती तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा एक दिवस. जावाची जुनी डेट म्हणजे काळातला एक क्षण. आमच्याकडे पॉलिसीची सुरुवात १ एप्रिल म्हणून भरली जाई. जावा तिला भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीचा क्षण समजे. तो क्षण ग्रिनिचच्या वेळेत लिहिला की ३१ मार्च, संध्याकाळचे साडेसहा. पलीकडचा प्रोग्रॅम वेळ टाकून देई आणि तारीख घेई. पॉलिसी एक दिवस आधी सुरू, तीही आधीच्या आर्थिक वर्षात. कोड दोन्हीकडचा बरोबर, साधन आपल्या नियमानं बरोबर, आणि हिशेब चुकीचा.

वेब सर्व्हिस नावाचं प्रकरण याच सुमारास तापलं होतं. मे २००० मध्ये सोप १.१ डब्ल्यूथ्रीसीकडे टिपण म्हणून सादर झालं, मार्च २००१ मध्ये डब्ल्यूएसडीएल १.१. त्याला आम्ही सगळे ‘विझडल’ म्हणायचो, अजूनही म्हणतो. सेवेत कोणत्या क्रिया आहेत, काय पाठवायचं, काय परत येईल याचा हा लेखी करार. सोप लिहिलं गेलं तेव्हा एक्सएमएल स्कीमा पूर्ण झाली नव्हती. म्हणून सोपच्या पाचव्या विभागात ऑब्जेक्ट मजकुरात कसे मांडायचे याचे स्वतंत्र नियम दिलेले होते. त्यात एकाच ऑब्जेक्टकडे दोघांचा निर्देश असेल तर तो एकदाच लिहून बाकी ठिकाणी नुसता संदर्भ द्यायची सोय होती. अपाचीचं अ‍ॅक्सिस, ज्याची १.० आवृत्ती ऑक्टोबर २००२ मध्ये आली, हे नियम मनापासून पाळी. साधा पत्ता पाठवला तरी संदेशाच्या शेवटी मल्टिरेफ नावाच्या टॅगांची रांग लागे. डॉट नेटवाल्यांच्या डोळ्यांत ती खुपे. त्यांच्याकडून डेटासेट परत आला की आमची साधनं हात टेकत, कारण त्याच्या विझडलमध्ये ‘इथे स्कीमा येईल आणि मग काहीही येईल’ एवढंच लिहिलेलं असे.

या तंट्याचा निवाडा डब्ल्यूएस-आय या कंपन्यांच्या संघटनेनं २००३ मध्ये बेसिक प्रोफाइल १.० काढून केला. सोपचे ते स्वतंत्र नियम वापरायचे नाहीत, संदेशात जे असेल त्याचं वर्णन स्कीमात हवं, असा दंडक पडला. माझ्या मते या सबंध इतिहासातला हा निर्णायक क्षण. तोवर अ‍ॅक्सिस आणि सनचं वेब सर्व्हिसचं मानक जॅक्स-आरपीसी यांचं गृहीतक होतं की तुम्ही जावाची मेथड लिहा, पलीकडे कुणीतरी मेथड बोलावतंय असं समजा, मधला मजकूर तुम्हाला दिसणारच नाही. प्रोफाइलनं मधल्या मजकुरालाच मुख्य पात्र केलं. जून २००२ मध्ये आलेल्या जॅक्स-आरपीसीकडे स्वतःचे बाइंडिंगचे नियम होते आणि ते स्कीमाचा एक भागच ओळखत. बाकीच्यासाठी ते कच्चा सोप-एलिमेंट हातात ठेवी, म्हणजे पुन्हा झाडावर चढणं आलंच. जॅक्सबी आणि जॅक्स-आरपीसी ही एकाच सनची दोन मानकं, पण दोघांचे नियम वेगळे. एकाच स्कीमातून दोन तऱ्हेचे क्लास निघत.

२००४-०५ मध्ये आमच्यापुढे निवडीचा प्रसंग आला. युरोपातल्या ग्राहकानं नवी स्कीमा पाठवली: ईमेलला जोडलेली झिप, तिच्यात एकमेकींना ओढून घेणाऱ्या एक्सएसडी फाइली, आणि दर तिमाहीला बदल होतील अशी तळटीप. नेहमीच्या पद्धतीनं एक्सेल शीट निघालं. आडवी साधनांची नावं, उभे निकष: वेग, स्कीमाचं किती कळतं, शिकायला किती वेळ, लायसन्स. प्रत्येकाला दहापैकी गुण.

उमेदवार असे होते. जॅक्सबी १.०: मानक, पण क्लासऐवजी इंटरफेस देई आणि त्यामागचं अंमलबजावणीचं जंजाळ ज्या कंपनीचं साधन तिच्या रनटाइमला बांधलेलं. स्कीमातल्या सब्स्टिट्यूशन ग्रुपसारख्या गोष्टी त्याला झेपत नसत, आणि आमच्या ग्राहकाला नेमका त्यांचाच शौक.

एक्सएमएलबीन्स: बीईए कंपनीत घडलेलं, २००३ मध्ये अपाचीला दिलेलं. त्याची भूमिका ठाम होती. स्कीमा म्हणेल ते खरं, आणि ती जे जे म्हणू शकते ते सगळं पाळायचं. आलेला मजकूर ते टाकून देत नसे. मूळ एक्सएमएल जपून ठेवून त्यावर जावाच्या मेथडींचा पडदा टाकी, त्यामुळे टॅगांचा क्रम आणि अनोळखी टॅगही हरवत नसत. त्या तीन ‘नसण्यां’साठी त्याच्याकडे वेगवेगळ्या मेथडी होत्या. किंमत म्हणजे मेमरी, आणि मोठ्या स्कीमातून निघणारा अगडबंब जार, ज्याच्या पोटात एक्सएसबी नावाच्या असंख्य बारक्या फाइली.

जिबएक्स: डेनिस सोस्नोस्की यांचं. याची तऱ्हा उलटी. तुमचे क्लास तुमचेच राहोत, एका बाइंडिंग फाइलीत जोडणी लिहा. कंपाइल झाल्यावर ते क्लासच्या बाइटकोडमध्ये शिरून ने-आणीच्या मेथडी घुसवी. वेगात भल्याभल्यांना मागे टाकी. मात्र सोर्समध्ये नसलेल्या मेथडी एररच्या यादीत दिसू लागल्या की नवीन मुलं भुताटकी पाहिल्यासारखी बघत.

एक्सस्ट्रीम: जो वॉल्न्स यांचं. ना स्कीमा, ना फाइल. ऑब्जेक्ट द्या, मजकूर घ्या. मजकूर द्या, ऑब्जेक्ट घ्या. दोन ओळींत काम. मजकुरात पॅकेजसकट जावाच्या क्लासचं नावच टॅग म्हणून उमटे. एका टोकाला एक्सएमएलबीन्स, दुसऱ्याला हे. बाकी सगळे मधे.

शीटमध्ये जिबएक्स पुढे होतं, कारण वेगाच्या रकान्याला जास्त वजन दिलेलं. आमचे टीम लीड मूळचे रत्नागिरीकडचे, बोलायला कमी. त्यांनी शीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘ही स्कीमा बदलली की कोण बदलणार?’’

‘‘आपण.’’

‘‘आणि आपला क्लास बदलला तर ते त्यांची स्कीमा बदलतील?’’

कुणी बोलेना.

‘‘मग वेगाचं काय घेऊन बसलात? करार त्यांचा आहे. आलेला माणूस पडवीत बसतो, माजघरात येत नाही. त्यांच्या स्कीमातून निघालेले क्लास पडवीपर्यंतच येऊ द्या. आत आपले क्लास, आणि मधे उंबऱ्यावर आपण स्वतः लिहिलेला कोड.’’

एक्सएमएलबीन्स घेतलं गेलं. मधला कोड लिहायचं काम मला आलं आणि तो हातानं लिहायचा म्हणून मी कुरकुरलेही: बाइंडिंग आणलं ते असला कोड टाळायलाच ना? पण तिमाही बदल येऊ लागले तेव्हा त्या निर्णयातलं शहाणपण दिसलं. नवी झिप आली की क्लास पुन्हा काढायचे. जिथे रचना हललेली असे तिथे मधला कोड कंपाइल होत नसे. कुठे हात लावायचा ते कंपाइलर दाखवून देई, आणि तो हात मधल्या कोडपाशीच थांबे. आतला प्रीमियमचा हिशेब, डेटाबेस, दाव्यांचे नियम यांना ग्राहकाच्या स्कीमाची गंधवार्ता नसे. तारखेचं दुखणंही तिथेच मिटलं: दिवस आहे की क्षण आहे, हे त्या एका जागी ठरवायचं.

निवडीचं हे युग २००६ मध्ये जवळजवळ एका झटक्यात आटोपलं. जावा ५ नं २००४ मध्ये अ‍ॅनोटेशन आणली होती. तिच्या जोरावर जॅक्सबी २.० नव्यानं लिहिलं गेलं: जेएसआर-२२२, मे २००६. मॅपिंग फाइल गेली, इंटरफेसचं जंजाळ गेलं; साधा क्लास आणि त्याच्या फील्डांवर ‘हे एलिमेंट, हे अ‍ॅट्रिब्यूट’ अशा खुणा. स्कीमातून क्लास काढायला एक्सजेसी, क्लासमधून स्कीमा काढायला स्कीमाजेन, म्हणजे दोन्ही पक्षांना तोंड मिळालं. जॅक्स-आरपीसीची पुढची आवृत्ती जॅक्स-डब्ल्यूएस या नव्या नावानं आली, आणि तिनं स्वतःचे नियम टाकून बाइंडिंग सगळं जॅक्सबीकडे सोपवलं. घरातलं भांडण मिटलं. या घडीव कामामागे सनमधले कोहसुके कावागुची यांचा मोठा हात; पुढे ज्याला जेन्किन्स म्हणू लागले ते हडसन त्यांनी तिथेच असताना लिहिलं.

आणि डिसेंबर २००६ मध्ये जावा ६ आलं, त्याच्या पोटात जॅक्सबी होतंच. डाउनलोड नको, लायसन्स तपासायला नको, क्लासपाथमध्ये जार नको. एक्सेल शीट काढण्याचं कारणच उरलं नाही. वेगात जिबएक्स आणि निष्ठेत एक्सएमएलबीन्स सरस असतील. पण जे आधीच घरात आहे त्याच्याविरुद्ध मॅनेजरला पटवायला कोण जाणार? आमचाही पुढचा प्रकल्प, तोवर ऑफिस हिंजवडीला गेलं होतं, जॅक्सबीवरच झाला. आधीचा प्रकल्पही आम्ही सावकाश तिकडे नेला आणि मधल्या कोडमुळे ते निभलं. आतलं काही हललं नाही.

घरात असण्याचे तोटेही लवकरच दिसले. जावा ६ मध्ये जॅक्सबी २.० आणि नव्या जॅक्स-डब्ल्यूएसला हवं २.१. बूट क्लासलोडर जुनंच आधी उचले. मग एररमध्येच उपाय लिहून येई की एन्डॉर्स्ड डिरेक्टरीत नवा जार टाका. ग्राहकाच्या सर्व्हरवर जावाच्याच फोल्डरात जार टाकायची परवानगी मिळवणं म्हणजे सरकारी कचेरीतला दाखला. जानेवारी २००८ च्या अपडेट ४ मध्ये २.१ आत आलं तेव्हा कुठे हे थांबलं. स्कीमा आणि क्लास यांतली मूळ फट तर बुजलीच नव्हती. टॅग ऐच्छिकही असेल आणि निलही चालत असेल, तर जॅक्सबी साध्या स्ट्रिंगऐवजी जॅक्सबीएलिमेंट नावाच्या वेष्टनात गुंडाळलेली स्ट्रिंग देई. सगळे त्या वेष्टनाला शिव्या घालत. पण ते होतं म्हणूनच ते तीन निरोप वेगळे राहत.

मग एक्सएमएलचीच सद्दी ओसरू लागली. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला जेसन जवळचं, मोबाइल अ‍ॅपला हलकं. टाटू सालोरांटा यांचं जॅक्सन जावात रूढ झालं. तेच गृहस्थ आधी वूडस्टॉक्स हा एक्सएमएलचा वेगवान पार्सर लिहून चुकले होते. जेसनच्या जगात बहुतेकांनी क्लासलाच करार मानलं: क्लास लिहा, मजकूर आपोआप होईल. ही एक्सस्ट्रीमची वाट होती आणि तिचा धोका एक्सस्ट्रीमनंच दाखवून दिला. मजकुरात क्लासचं नाव येणार आणि ते वाचून ऑब्जेक्ट उभा राहणार, तर मजकूर पाठवणाराच ठरवतो की तुमच्या मेमरीत काय उभं राहावं. २०१३ पासून त्यात सुरक्षेची भगदाडं सापडत गेली. शेवटी २०२१ मध्ये, परवानगी दिलेले क्लासच चालतील असा नियम मुळातूनच लावावा लागला.

सप्टेंबर २०१८ मध्ये जावा ११ आलं आणि जेईपी ३२० नुसार जॅक्सबीला घराबाहेर काढण्यात आलं. वर्षभर आधी जावा ९ नं तशी सूचना दिलेली होती. आमच्या धंद्यात सूचना वाचण्याची रीत नाही. गंमत अशी की एक्सएमएलला कधी हात न लावलेले प्रोग्रॅमही पडले. बेस-६४ करायला लोक जॅक्सबीमधला डेटाटाइपकन्व्हर्टर वापरत, कारण जावाचा स्वतःचा बेस-६४ क्लास २०१४ मध्ये जावा ८ बरोबर येईपर्यंत दुसरं सोयीचं काही हाताशी नव्हतं. जावा ९ आणि ११ च्याच सुमारास, सन विकत घेतलेल्या ओरॅकलनं जावा ईई इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण ‘जावाएक्स’ या नावावरून एकमत झालं नाही. डिसेंबर २०२० मध्ये जावा ईईचाच नवा अवतार असलेल्या जकार्ता ईई ९ नं सगळी पॅकेजची नावं बदलली. क्लास तेच, अ‍ॅनोटेशन तीच, फक्त वरची इम्पोर्टची ओळ वेगळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ नं ही नवी नावं सक्तीची केल्यावर अनेक टीम एकदमच या कामाला जुंपल्या.

बाकीच्या उमेदवारांचं काय झालं? स्प्रिंगनं एके काळी कॅस्टर, जॅक्सबी, एक्सएमएलबीन्स, जिबएक्स, एक्सस्ट्रीम या पाचांना एकाच इंटरफेसमागे बसवून ‘हवं ते निवडा’ म्हटलं होतं. पुढच्या आवृत्त्यांत एक्सएमएलबीन्स, कॅस्टर आणि जिबएक्स यांचा आधार एकेक करून काढून घेण्यात आला. ज्या कोडहाउसच्या आश्रयानं अशी कितीतरी मुक्त साधनं वाढली, ते २०१५ मध्ये बंद झालं. एक्सएमएलबीन्स अपाचीच्या अडगळीत गेलं होतं. २०१८ मध्ये पीओआय प्रकल्पानं त्याला खाली काढलं, कारण एक्सेल आणि वर्डच्या फाइली वाचायला त्यांना तेच लागतं. म्हणजे आज जावातून पीओआय वापरून एक्सएलएसएक्स शीट काढणारा नकळत एक्सएमएलबीन्सवर चालतो.

एक्सएमएल मेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी खिशातला फोन बाहेर काढावा. २०१६ पासून चालू असलेल्या यूपीआयमध्ये बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यामधले संदेश सही केलेल्या एक्सएमएलमध्ये आहेत. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ या एक्सएमएलवर आधारित मानकावर गेली. आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी स्विफ्टनं मार्च २०२३ मध्ये तोच रस्ता धरला आणि जुने-नवे संदेश एकत्र चालवण्याची मुदत नोव्हेंबर २०२५ ठेवली. सध्या माझं काम या बँकांच्या संदेशांचंच आहे, आणि जुने प्रश्न जसेच्या तसे समोर आहेत. सही तपासायची तर आलेल्या मूळ मजकुरावरच तपासावी लागते. आधी ऑब्जेक्ट करून मग पुन्हा मजकूर केला तर एखादी मोकळी जागा, एखादा नेमस्पेसचा उपसर्ग बदलतो आणि खरी सही खोटी ठरते. आयएसओ २००२२ मध्ये संदेशाची आवृत्ती बदलली की नेमस्पेसही बदलतो, म्हणून एक्सजेसी प्रत्येक आवृत्तीसाठी त्याच नावांच्या क्लासांचं वेगळं पॅकेज काढतं. ज्यांनी ते क्लास थेट हिशेबाच्या कोडपर्यंत पसरू दिले, त्यांना आवृत्ती बदलताना सगळं घर उकरावं लागतं.

मघाशी ज्यांनी ‘एवढं काय होतं त्यात’ विचारलं त्या मुलांनी परवा मला एक यादी दाखवली: नव्या बँकेच्या जोडणीसाठी कोणती लायब्ररी घ्यावी, आणि पुन्हा वेगाचे आकडे. वीस वर्षांत मी कॅस्टर, अ‍ॅक्सिस, एक्सएमएलबीन्स आणि जॅक्सबीची तीन रूपं हाताळली. त्यातलं प्रत्येक त्या त्या वेळी पक्कं वाटत होतं. विमा कंपनीची ती स्कीमा मात्र, अनेकदा वाढलेली, पण अजून चालू आहे. करार साधनापेक्षा जास्त जगतो, आणि करार बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्या बदलांचा खर्च दुसऱ्याला सोसावा लागतो. म्हणून स्कीमा परक्याची असेल तर तिच्यापासून सुरुवात करा, निघालेल्या क्लासांना हात लावू नका आणि त्यांना आत येऊ देऊ नका. दोन्ही टोकं तुमचीच असतील आणि एकाच दिवशी बदलता येत असतील, तर खुशाल क्लासपासून सुरुवात करा. सही असेल तर मूळ मजकूर जपा. मुलांना मी सांगितलं की यादी बाजूला ठेवा आणि आधी बँकेला फोन करून विचारा, स्कीमा किती वेळा बदलते आणि बदलण्याआधी किती दिवस कळवता. ती उत्तरं आली की लायब्ररी ठरवायला मीटिंगसुद्धा लागत नाही.